बावीस नंबरचं दार

भुयार हा शब्द कुठेही कानावर पडला, अगदी सहलीच्या गप्पांत पडला, तरी ते प्रकरण डोळ्यांपुढे उभं राहतं आणि आधी हसूच येतं. मी तेहतीस वर्षं खाकी घातली. त्यात शाबासकी मिळालेले तपास आहेत, बोलणी खाल्लेले तपास आहेत. पण ज्यात मी पहिल्या पावलापासून चुकत गेलो आणि तरीही ज्याची आठवण आली की बरं वाटतं, असा तपास हा एकच. नावं कोणाचीच सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. तुमसर तालुक्याच्या बाजूचं होतं, एवढं पुरे. त्यातली माणसं आजही कामावर आहेत. त्यांच्या कामात मी एकदा खोडा घातला तेवढा बस झाला.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत टेकतोय तोच बसस्टँडवरचा आमचा चहावाला मागच्या दाराने आत आला. हा आमचा जुना खबरी. त्याच्या टपरीवर अख्खं गाव उभं राहतं आणि त्याचे कान मोठे तिखट. त्याने सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: भुयार. पेटी. किल्ली. बावीस नंबर दार. आंबागड.

"हे काय रे?" मी विचारलं.

"साहेब, मामला मोठा हाये. दवाखान्यातला तो कंप्युटरवाला चष्मेवाला हाये ना, तो रोज नऊ वाजता माह्या टपरीवर उभा राहून फोन करते. चार दिवस कान देऊन आयकलं मी. लाइन गेली का भुयार खचते म्हणे. मंग हा म्हणते, मी पुन्हा खोदून देतो, पाहा पेटीले हात पुरते का. आन् किल्ली कोनाले दावू नोका म्हणते. समोरून बाईमानसाचा आवाज येते."

आमच्या भागात भुयार, पेटी आणि किल्ली हे तीन शब्द एका दमात आले की पोलिसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते: गुप्तधन. त्यात आंबागड म्हणजे डोंगरावर जुना किल्ला आणि किल्ल्याखाली गाव. हसण्यावारी नेण्यासारखी खबर नव्हती. गुप्तधनाच्या नादात लोक काय काय करून बसतात ते मी नोकरीत पाहिलं आहे. कोणाच्या तरी लेकराच्या जिवावर बेतलं तर मग खबर मिळाली होती का, असं वरचे विचारणार आणि मी काय सांगणार? स्टेशन डायरीला नोंद केली आणि गाडी काढली.

सोबत माझा हवालदार. पन्नाशीचा गडी, भरघोस मिशा, कामाला वाघ. त्याचा एकच दोष. तो पायाळू जन्मलेला, आणि पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं या समजुतीवर त्याचा स्वतःचा भारी विश्वास.

"साहेब, तुम्ही फक्त पाठीमागून या," तो म्हणाला. "भुयार असन त माह्या पायाले समजते."

दोन पंच घेतले आणि किल्ला चढलो. बुरूज पाहिले, तळ्याच्या कडा पाहिल्या, झाडोरा काठ्यांनी झोडपला. हवालदाराच्या पायांना दोनदा समजलं. पहिल्यांदा खाली खडक निघाला. दुसऱ्यांदा साळिंदराचं बीळ निघालं आणि त्यात हात घालायच्या आत मी त्याची कॉलर धरली. बावीस सोडा, धड एक दार नव्हतं. अकरा वाजेपर्यंत ऊन असं तापलं की पंच आम्हालाच शिव्या द्यायच्या बेतात आले.

खाली उतरलो आणि पहिल्याच घरी पाणी मागितलं. कौलारू स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिशी-पस्तिशीची एक बाई काठी टेकत बाहेर आली. एक पाय ओढत चालत होती, पण तिने आम्हा चौघांना माठातलं गार पाणी दिलं, वर गूळ दिला. आत स्टुलावर लॅपटॉप उघडा दिसत होता. हवालदार माझ्या कानात म्हणाला, "मास्तरीण दिसते."

मी सहज विचारलं, "बाई, इथं कुठं भुयार आहे म्हणतात, खरं का?"

तिच्या हातातला गडवा हलला. पाणी माझ्या बुटावर सांडलं. मग ती जपून म्हणाली, "किल्ल्यावर त नाही जी, साहेब."

आता सांगायला लाज वाटते. माणसाचा हात हलला की त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. तो हात माझ्या डोळ्यांपुढे हलला आणि मी समजलो, आजारी बाई आहे, उन्हात उभं राहून चक्कर आली असेल. "बसा, बसा, त्रास नका घेऊ," असं म्हणून आणखी एक गडवा पाणी प्यायलो आणि निघून आलो. किल्ल्यावर नाही म्हणते, मग कुठे आहे, हे विचारायची अक्कल सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच चष्मेवाल्याला टपरीवरून ठाण्यात बोलावून आणलं. तो एका संस्थेच्या दवाखान्यात संगणकाचं काम बघायचा. हडकुळा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून घेतला आणि समोर बसवलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. मला वाटलं, अर्ध्या तासात कबुली.

कबुली तर पाच मिनिटांतच मिळाली.

"भुयार तूच खोदलं?"

"होय जी."

"कुठून खोदलं?"

"दवाखान्यातून जी."

मी हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने माझ्याकडे. "दवाखान्यातून? कुठपर्यंत?"

"आंबागडपावतर."

हवालदाराने मिशीवरचा हात खाली घेतला. दवाखाना ते आंबागड, गाडीने जायला अर्धा तास लागतो.

"खोल किती आहे?" मी आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारलं.

"खोल काही नाही जी. लांब हाये फक्त."

"एकट्यानं खोदलं? किती दिवस लागले?"

"एक दुपार लागली, साहेब. पहिल्यांदा जमत नव्हतं. आता त पाच मिनिटात होऊन जाते."

मी पेन खाली ठेवलं. समोरचा एक तर वेडा होता, नाही तर मला वेडं बनवत होता. "पेटी कोणाची? किल्ली कोणाकडं आहे? त्या बाईचं नाव सांग." यावर मात्र पठ्ठ्या दाद देईना. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, हवालदाराने चहा पाजून पाहिला. एकच पालुपद: "माह्यावर काय कारवाई करायची ते करा जी. त्यांचं नाव नोका घेऊ. त्यांची काहीच चूक नाही."

नंतर उलगडलं ते असं. आदल्या दिवशी पोलीस आंबागडात येऊन भुयार विचारून गेले, हा निरोप त्याला त्याच संध्याकाळी पोचला होता. त्यामुळे त्याला वाटत होतं, पोलिसांना सगळं कळलंय. आणि मला वाटत होतं, हा सगळं कबूल करतोय. असे आम्ही दोघं समोरासमोर बसून पाऊण तास दोन वेगळ्या भुयारांबद्दल बोलत होतो.

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. नाव आलं, 'ताई'. तो झटकन उठला. मी हाताने त्याला बसवलं, फोन उचलला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"भाऊ, भुयार काहून बंद हाये जी सकाळपासून?" बाईचा आवाज, घाबरा. "लवकर खोदून द्या. पेटीले हातच नाही पुरून राहिला."

"मी पोलीस ठाण्यातून बोलतोय," मी म्हणालो. "भुयारात काय आहे, बाई?"

ती म्हणाली, "माणसं हायेत जी."

हवालदार ताडकन उभा राहिला. मी फोन तोंडाजवळ धरला. "माणसं? जिवंत आहेत का? किती आहेत?"

"साहेब, माह्यावर मंग रागवा. आता त्याले सोडा जी," ती रडवेली झाली. "वार्डात एक बाई अडली हाये. आपल्या पेटीतलीच हाये ते. तिले रक्त चढवून राहिले. मागच्या खेपेले तिले रक्त सोसलं नव्हतं, जिवावर आलतं. कोणतं चालत नाही ते मी पेटीत लिवून ठेवलं हाये. सिस्टरनं मले फोन केला, आन् मले दिसून नाही राहिलं!"

आवाज मी ओळखला. माठातलं गार पाणी आणि गूळ.

आता चष्मेवाला बोलायला लागला आणि थांबेना. पेटी म्हणजे दवाखान्यातला संगणक. त्यात सिकलसेलच्या पेशंटांची नोंदवही. हा रक्ताचा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे, पिढ्यान् पिढ्या चालत येतो. ती पेटी दवाखान्याच्या चार भिंतींच्या आतच उघडते, बाहेरून कोणालाच दिसत नाही. आतल्या नोंदी वाचायची किल्ली दोघांकडेच, हा आणि ताई. आणि हा माझ्यासमोर बसला होता.

"चल, गाडीत बस," मी म्हणालो. जबाब अर्धा टाकून उठण्याची ती माझ्या नोकरीतली पहिली वेळ.

दवाखान्यात त्याने संगणक उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली. परवलीचा शब्द घाईत दोनदा चुकला. हवालदार मागून पुटपुटत होता, "घाई नोको करू गा, बाप्पा, घाई नोको करू." तिसऱ्यांदा जमलं. तो फोनवर म्हणाला, "ताई, लागलं. पाहा."

"थांबा... दिसलं. दिसलं जी!" आणि मग त्या बाईचा आवाज एकदम बदलला. रडणं गेलं, घाबरणं गेलं. तिने स्वतःच्या खुणांनी लिहिलेली नोंद शब्दन् शब्द उलगडून सांगितली. सिस्टरने ती उतरून घेतली आणि पळत वॉर्डात नेली. लावायला घेतलेली रक्ताची पिशवी खाली उतरवली. भंडाऱ्याहून दुसरी मागवली. दुपारी चारच्या सुमारास मुलगा झाला, आई शुद्धीवर होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हवालदार व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आला आणि मला म्हणाला, ऊन लई हाये.

बाळ आलं, तशी माझी खरी अडचण सुरू झाली. भुयार होतंच की! परवानगीशिवाय खोदलेलं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई संतापल्या आणि त्यांचं काही चूक नव्हतं. "या आजाराचं नाव बाहेर फुटलं तर ठरलेल्या सोयरिकी मोडतात, साहेब," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आम्ही कुलूप लावलं. आणि यांनी आतूनच भोक पाडलं!"

चष्मेवाल्याने मान खाली घालून मला समजावलं, तेही आमच्याच भाषेत. ताईंना संगणकाचं इंग्रजी नको वाटायचं म्हणून दोघांनी मिळून हे शब्द केले होते. संगणकाला हजारो दारं असतात, प्रत्येकाचा नंबर असतो. या कामाचं दार बावीस. दवाखान्याची कडी आतून लागलेली, बाहेरचा माणूस ती काढूच शकत नाही. म्हणून आतल्या पेटीनेच बाहेर हात काढायचा आणि ताईने तिकडून तो धरायचा. मधल्या वाटेला अशा भिंती की कोणी कान लावला तरी काही उमगत नाही. ज्याच्याकडे किल्ली त्यालाच वाट. वीज गेली की हात सुटतो, भुयार खचतं, मग पुन्हा खोदायचं.

"पण कशासाठी, बाबा? हे सगळं कशासाठी?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा जी."

म्हणून पुन्हा आंबागड. या वेळी किल्ला चढलो नाही. ताईने बसायला खुर्ची दिली, स्वतः काठी धरून उभीच राहिली. ती त्या दवाखान्यात रक्त तपासायची, बारा वर्षं. पेशंटांची ती वही तिनेच उभी केलेली. कोणाला कोणतं औषध सोसत नाही, कोणाच्या अंगात थंडीत कळा उठतात, कोणाला रक्त कधी लागतं, तिला तोंडपाठ. आणि ती स्वतः त्याच वहीतली. तिलाही सिकलसेल. दोन वर्षांपूर्वी खुबा गेला. बसमध्ये चढणं बंद झालं, तशी संस्थेने तिला बिनपगारी रजेवर घरी बसवलं. तिच्या जागेवर कोणी टिकेना. सिस्टर फोनवर तिलाच विचारायच्या. अडीनडीला आठवणीवर उत्तर देताना एकदा चूक होता होता राहिली, तेव्हा तिनेच चष्मेवाल्याला म्हटलं, भाऊ, मले पेटी दिसन असं काही करता का?

"म्हणजे पगार नाही, तरी हे रोजचं?" मी विचारलं.

"पगाराचं काय घेऊन बसले जी," ती म्हणाली. "साहेब, चूक झाली, कागद घ्यावा लागत होता. गुन्हा लावा. पण हे काम माह्या हातून काढू नोका. हे गेलं त मी नुसती पेशंट उरीन."

हवालदार अंगणात जाऊन उभा राहिला. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग केलं. खरं तर काहीच लिहिलं नव्हतं.

मला पाझर फुटला म्हणून मी प्रकरण दाबलं, असं कोणी समजू नये. कोणीतरी हळूच सुचवलंही, मागची तारीख टाकून परवानगीचं पत्र करून घेऊ. मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. खोट्या कागदावर उभं केलेलं त्या बाईचं काम पुढे कोणीही एका अर्जाने पाडलं असतं. मी सायबर सेलला पत्र दिलं आणि भुयार बंद करायला लावलं. तिकडून एक तरुण अधिकारी मुलगी आली. तिने पेटी आणि लॅपटॉप दोन्ही तपासले. गंमत अशी की या भुयाराला स्वतःची स्टेशन डायरी असते. कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, सगळं लिहिलेलं. आठ महिन्यांची डायरी तिने वाचून काढली. दोनच किल्ल्या. एकही नोंद बाहेर नेलेली नाही, एकही पुसलेली नाही.

"सर," ती मला म्हणाली, "मी पुष्कळ घुसखोर पाहिले. दररोज वेळेवर येणारा आणि जाताना कडी लावणारा पहिल्यांदाच पाहिला."

हे सगळं व्हायला महिना गेला. त्या महिन्यात ताई घरी रिकामी बसून होती. मी दोनदा काहीतरी निमित्त काढून आंबागडला गेलो. पहिल्यांदा ती बोलली. दुसऱ्यांदा पाणी दिलं आणि भिंतीकडे बघत बसली. लॅपटॉप फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेला होता. ते मला बघवलं नाही. परत येताना गाडीत मी हवालदारावर उगाच खेकसलो.

मी अहवाल जसा घडला तसा लिहिला, साळिंदरासकट. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. तक्रार नाही, असं त्यांनी लेखी दिलं, आणि आपल्या वरिष्ठांपुढे बसून स्वतः भांडल्या. ताईला रीतसर कामावर घेतलं, घरून. भुयाराला परवानगीचं पत्र मिळालं. किल्ल्यांची नोंद, दर महिन्याला डायरीची तपासणी आणि दोघांखेरीज तिसरी किल्ली नाही, अशा अटी होत्या. भुयाराला आवक-जावक क्रमांक मिळाल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही. स्टेशन डायरीत प्रकरण निकाली काढताना मी लिहिलं: खबर खरी. भुयार आढळले. आतील माणसे सुखरूप.

वरच्यांनी त्या ओळीवर लाल शेरा मारून खुलासा मागवला. तोही दिला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचाराल तर सांगतो. बंद दारातून कोण आत शिरलं, हे विचारण्यात माझी हयात गेली. कशासाठी शिरलं, हे विचारायला मी कायम उशीर केला, आणि त्या दिवशीचा पाऊण तास एका बाईच्या जिवावर बेतला असता. माणसाचा हात हलला तर त्याच्या तोंडाकडे बघावं, हे मी अजूनही सांगतो. आता एवढं जोडतो, की मग त्याला बसायला सांगावं आणि त्याच्या शब्दांत त्याचं ऐकून घ्यावं.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात ताईचा फोन आला. वॉर्डातल्या त्या बाईच्या मुलाची आता दुसऱ्या वर्षी पक्की तपासणी झाली होती, अहवाल पेटीत आला होता. नाव-गाव सांगणार नाही, ते अटीत बसत नाही, असं तिने आधीच बजावलं. मला कळायचं ते कळलं.

"मंग? कसं आहे?" मी विचारलं.

"चांगला हाये जी, साहेब. आजार नाही," ती म्हणाली, आणि हसताना तिचा आवाज फुटला. "त्याचं नाव आपल्या वहीत नाही लिवा लागत."